ढगाचं बिल, कॅम्प चार

तुमच्या ऑफिसात असा एक तरी माणूस असतोच. हेडफोन गळ्यात, दाढी दोन दिवसांची, आणि लंचला फोन वाजला की डबा उघडा टाकून उठणारा. त्याचं नेमकं काम काय, हे एचआरलाही धड सांगता येत नाही. त्यालाच विचारलं तर म्हणतो, ‘क्लस्टर बघतो.’ आपण समजल्यासारखी मान डोलावतो. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्यांना क्लस्टर म्हटलं की जुन्या बिल्डिंगा पाडून टॉवर बांधायची योजना आठवते. पण हा तो क्लस्टर नव्हे!

असा एक माणूस आमच्या घरातच आहे. माझा दादा. त्यामुळे नुसती मान डोलावून माझी सुटका नाही.

आधी जरा भूगोल. मध्य रेल्वेने कल्याणहून कर्जतकडे निघालात की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं लागतात. आम्ही अंबरनाथचे. बाबा इथल्याच ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाले. दादाने लग्नानंतर बदलापूरला फ्लॅट घेतला, कारण झेपेल असा ईएमआय शोधत माणूस एकेक स्टेशन पुढे सरकतो आणि शेवटी बदलापूरला उतरतो. त्याचं ऑफिस मात्र उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, जीन्सच्या एका गोडाऊनच्या पोटमाळ्यावर. खाली कापडाचे तागे, वर लॅपटॉप. उन्हाळ्यात वर इतकं उकडतं की माणसांआधी मशिनं कुरकुरतात.

गोडाऊन दादाच्या पार्टनरच्या वडिलांचं. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलं, १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर असं बारसं झालं, पण ‘कॅम्प’ हा शब्द काही पत्त्यातून गेला नाही. अंकल बराकीत जन्मले, फेरीवर कपडे विकून मोठे झाले आणि आता त्यांच्या जीन्स कुठल्या कुठे जातात. सॉफ्टवेअर त्यांना कळत नाही. हिशोब कळतो. पुढे याचं महत्त्व येईल.

कंपनी अगदी छोटी. दादा, त्याचा पार्टनर आणि हाताखाली तीन मुलं. घाऊक कपडेवाल्यांसाठी त्यांनी एक ॲप बनवलंय. ऑर्डर, स्टॉक, जीएसटीचं बिल, सगळं मोबाइलवर. भांडवल काय, तर अंकलचा पोटमाळा आणि आमच्या बाबांच्या फंडातले आठ लाख. हा आठ लाखांचा आकडा आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. पण रात्री जेवायला बसलो की तो पाचवं ताट मांडून बसलेला असतो.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर दादा दोन दिवस अंबरनाथला आला आणि बोलेचना. वहिनी म्हणाली, ‘बिल आलंय.’ मला वाटलं लाइटचं. बिल क्लाउडचं होतं. महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास येणारं बिल तीन महिन्यांत चौऱ्याहत्तर हजारांवर गेलं होतं. आणि दुकानदार? तेवढेच. एकही वाढला नव्हता. दादाने हिशोब मांडला होता. असंच चाललं तर दिवाळीनंतर कंपनी बंद करायची, पुण्याला हिंजवडीत नोकरी धरायची, आणि बाबांचे आठ लाख पगारातून हप्त्याहप्त्याने परत करायचे. बाबा पेपर वाचत होते. पान उलटलं नाही त्यांनी बराच वेळ.

क्लाउड कुठल्या कंपनीचा ते सोडा. त्या कंपनीने मागितलं ते दिलं आणि दिलं त्याचे पैसे लावले, इतकंच. प्रश्न असा होता की मागितलं कुणी?

इथे माझी एन्ट्री. दादा म्हणाला, ‘तू मास कॉमवाली ना? आम्ही काय करतो ते मुलांना कळेल असं लिहून दे. मी तोंडी सांगतो, ती हो हो म्हणतात, आणि रात्री पुन्हा तेच.’ मी विचारलं, शब्दाला किती? तो म्हणाला, वडापाव. फ्रीलान्सरला याहून कमी रेटवर कामं करायची सवय असते, म्हणून मी हो म्हटलं. आणि पुढचे दोन महिने मी विठ्ठलवाडीला उतरून रिक्षाने कॅम्प चारला जात राहिले.

तर ऐका. आजचं सॉफ्टवेअर एकसंध नसतं. त्याचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा त्याच्या लागणाऱ्या सामानासकट एका बंद डब्यात भरतात. त्याला म्हणतात कंटेनर. ऑर्डर घेणारा एक डबा, बिल बनवणारा दुसरा, स्टॉक मोजणारा तिसरा. असे शेकडो डबे अनेक मशिनांवर चालवायचे, एखादा बंद पडला तर दुसरा लावायचा, गर्दी झाली तर वाढवायचे. हे हाताने कोण करणार? त्यासाठी एक मुकादम ठेवतात. त्याचं नाव कुबरनेटिस. गूगलने जून २०१४ मध्ये तो जगासमोर आणला, जुलै २०१५ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. शब्द ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. आपल्याकडचे कोळी तांडेल म्हणतील. त्याचं चिन्हही सात आऱ्यांचं सुकाणूचं चाक आहे. पण मला दादाच्या पोटमाळ्यावर तरी तो मुकादमच वाटला. त्याला काम कसं करायचं हे सांगायचं नसतं, फक्त काय हवं ते सांगायचं असतं. ‘बिलवाले सहा जण कायम कामावर दिसले पाहिजेत.’ बस! एक कोसळला की तो दुसरा उभा करतो. रात्रंदिवस तो एकच गोष्ट बघतो, कागदावर काय लिहिलंय आणि समोर काय दिसतंय. फरक दिसला की कामाला लागतो.

इथवर फंडा सोपा आहे. खरी गंमत पुढे आहे. या मुकादमाकडे स्वतःचं काहीच नसतं. मशिनं नाहीत, डिस्क नाही, बाहेरच्या जगाला उघडणारं दार नाही. हे सगळं क्लाउड कंपनीकडे असतं, आणि भाड्याने असतं. मग मुकादमाचं आणि त्या कंपनीचं बोलणं कोण करून देतं? मधे एक मध्यस्थ असतो. क्लाउड कंट्रोलर मॅनेजर असं त्याचं भारदस्त नाव. आपण एका साध्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची की या सर्व्हिसला ‘लोड बॅलन्सर’ हवा. मुकादम ती ओळ वाचतो, मध्यस्थ क्लाउडला निरोप देतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत खरोखरचं एक दार तयार होतं, त्याला जगातून कुठूनही पोचता येईल असा पत्ता मिळतो. तसंच डिस्कचं. ‘वीस जीबी हवी’ असं लिहिलं की डिस्क हजर. सही नाही, फोन नाही, कोटेशन नाही. आणि त्याच क्षणी मीटर सुरू.

मी हे सगळं वहीत लिहून घेत होते. अंकल खालून चहा पाठवायला म्हणून वर आले, पाच मिनिटं उभे राहून ऐकलं आणि म्हणाले, ‘लेने का सिस्टम बनाया. लौटाने का?’

पोटमाळ्यावर शांतता!

सांगते काय झालं होतं ते. नवा क्लायंट आला की त्याला दाखवायला मुलं एक वेगळा छोटा क्लस्टर उभा करायची. त्यात दोन-तीन लोड बॅलन्सर, चार-सहा डिस्का. डेमो झाला की क्लस्टर पाडून टाकायची. मशिनं गेली, मुकादम गेला, स्क्रीन स्वच्छ. पण दारं आणि डिस्का क्लाउडच्या खात्यावर तशाच. कारण त्या परत करायचं काम मुकादमाकडेच होतं, आणि आपण त्यालाच आधी घरी पाठवलं! जिवंत क्लस्टरमधून एखादी सर्व्हिस काढली तर व्यवस्था चांगली आहे. क्लाउडकडचं दार खरंच पाडलं गेल्याशिवाय तिची नोंद पुसलीच जात नाही. डिस्कचंही तसंच. तिच्यावर ‘काम संपलं की टाकून दे’ किंवा ‘काम संपलं तरी ठेव’ यातला एक शेरा लिहिलेला असतो, आणि आपोआप बनणाऱ्या डिस्कवर सहसा पहिलाच असतो. पण हे शेरे वाचायला मुकादम जागेवर हवा ना? इमारत पाडली, पण लाइटचं आणि पाण्याचं कनेक्शन कापायला कुणी गेलंच नाही, तसला प्रकार. अकरा बेवारस लोड बॅलन्सर सापडले. डिस्का मोजायला एक अख्खी संध्याकाळ लागली. त्यातल्या काही डेमोंचे क्लायंट पुढे फिरकलेसुद्धा नव्हते.

म्हणून माझ्या पुस्तिकेचं पहिलं वाक्य असं झालं: ‘क्लस्टर पाडण्याआधी दारं बंद करा, कपाटं परत करा, क्लाउडच्या यादीत ती दिसेनाशी झाली की मगच मुकादमाला घरी पाठवा.’ मुलं हसली. पण पाठ झालं. ‘मॅडम, कपाटं परत केली’ असे मेसेज मला रात्री साडेअकराला यायला लागले. मी काय करू त्यांचं? थम्सअप पाठवायचे.

एक सांगू? दोनशे-सव्वादोनशे दुकानदारांच्या ॲपला एवढा लवाजमा लागतोच असं नाही. दोन धडधाकट सर्व्हरवर ते सहज चाललं असतं. हे मी दादाला म्हटलं तेव्हा तो चिडला नाही. म्हणाला, दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी आठवडाभर जी ऑर्डरांची झुंबड उडते ती तू पाहिली नाहीस. आणि मग थोडं थांबून, ‘आणि उद्या नोकरी शोधावी लागली तर बायोडेटावर काय लिहू, दोन सर्व्हर?’ या उत्तरातला दुसरा भाग मला जास्त खरा वाटला. आपल्यातल्या किती जणांच्या ऑफिसातली निम्मी यंत्रसामग्री अशी कुणाच्या तरी पुढच्या इंटरव्ह्यूसाठी चालू असेल!

झुंबड म्हणजे काय, हे बघायला मोठं उदाहरण मुंबईतच आहे. हॉटस्टार. जुलै २०१९ मध्ये भारत-न्यूझीलंड सेमीफायनल एकाच वेळी अडीच कोटींहून जास्त लोक त्यावर बघत होते. धोनी रनआउट झाला आणि लोकांनी धडाधड मॅच बंद केली. सुटका? अजिबात नाही. मॅचमधून बाहेर पडलेला प्रत्येक जण आधी ॲपच्या पहिल्या पानावर येऊन आदळतो, म्हणजे आता तिथे गर्दी! त्यांचे इंजिनीअर तेव्हा जाहीर भाषणांतून सांगायचे की गर्दी दिसल्यावर मशिनं मागायला लागलात तर उशीर झालेला असतो. क्लाउडचं नेहमीचं ऑटोस्केलिंग त्या वेगाला पुरत नाही, म्हणून माणसं किती हे बघून आधीच जागा वाढवून ठेवायची. पुढे १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हाच आकडा पाच कोटी नव्वद लाखांवर गेला, आणि त्या दिवशी आपण हरलो हे सोडून बाकी सगळं व्यवस्थित चाललं. थोडक्यात, मुकादम कितीही हुशार असला तरी समोरच्या गोदामात माल कधी, किती मिळेल हे त्याच्या हातात नाही.

हे मला पटलं ते मात्र क्रिकेटमुळे नाही, बदलापूरच्या एका रात्रीमुळे. वहिनीला सातवा महिना होता. मी तिच्या सोबतीला राहिले होते. पहाटे तीनच्या सुमारास दादाचा फोन वाजला. एक मशीन बंद पडलं होतं. नेहमी अशा वेळी मुकादम डबे दुसऱ्या मशीनवर हलवतो आणि दादा कूस बदलून झोपतो. या वेळी स्टॉकवाला डबा हलेचना. नुसता ‘पेंडिंग’. वहिनी उठून बसली, मी चहा ठेवला, आणि दादाने गॅसजवळ उभ्याउभ्याच मला समजावलं.

मोठ्या क्लाउड कंपन्यांचे मुंबईत ‘रीजन’ आहेत. मायक्रोसॉफ्टचा २०१५ पासून, ॲमेझॉनचा २०१६ पासून, गूगलचा २०१७ पासून. बहुतेक रीजनचे पुन्हा वेगवेगळे ‘झोन’ असतात. इमारती वेगळ्या, वीज वेगळी, म्हणजे एक बुडाला तरी दुसरा तरतो. छान. पण साधी डिस्क एकाच झोनमध्ये राहते. ती शेजारच्या झोनमधल्या मशीनला जोडता येत नाही. बंद पडलेलं मशीन पहिल्या झोनमध्ये, डिस्कही तिथेच, आणि मोकळी जागा फक्त दुसऱ्या झोनमध्ये. ‘म्हणजे माणूस बदलापूरला उभा आणि लॉकर अंबरनाथला,’ मी म्हटलं. दादा म्हणाला, ‘हां, आणि मधली लोकल बंद.’ मुकादमाला हे कळतं, म्हणून तो चुकीच्या जागी डबा लावत नाही, थांबून राहतो. पण थांबून दुकानदारांचं काय? सकाळी सातला सुरतेचा पहिला व्यापारी स्टॉक बघतो. पहिल्या झोनमध्ये हाताने नवं मशीन घेतल्यावर काम सुरू झालं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. खाली रस्त्यावर पहिल्या गाड्या पकडायला निघालेल्या माणसांच्या चपलांचा आवाज यायला लागला होता. वहिनी म्हणाली, ‘बाळ झाल्यावर पण असंच?’ दादाने उत्तर दिलं नाही. त्याने लॅपटॉप मिटला, एवढंच.

त्या रात्रीनंतर दोन गोष्टी बदलल्या. प्रत्येक झोनसाठी मशिनांचा वेगळा गट केला, म्हणजे लॉकर जिथे, तिथेच माणूस मागवता येईल. आणि डिस्क आधी घेऊन मग डबा कुठे लावायचा हे ठरवण्याऐवजी, डबा कुठे बसणार ते आधी ठरू द्यायचं, मग त्या झोनमध्ये डिस्क घ्यायची. ही सोय कुबरनेटिसमध्ये आहेच, एका ओळीची. पुस्तिकेत मी लिहिलं, ‘आधी घर बघा, मग कपाट घ्या.’ लग्न झालेल्या मुलांना लगेच कळलं.

स्वस्त मशिनांचं प्रकरणही त्याच आठवड्यात निघालं. क्लाउडवाले रिकामी पडलेली मशिनं खूप कमी भाड्याने देतात, ‘स्पॉट’ म्हणतात त्यांना. अट एवढीच की मूळ मालकाला गरज पडली की तो काढून घेणार. नोटीस? कुणी दोन मिनिटांची देतं, कुणी तीस सेकंदांची. पागडीच्या चाळीत राहिलेल्या माणसाला हे ऐकूनच घाम फुटेल. पण बिल बनवणारे डबे असे आहेत की अर्ध्यात उठवलं तरी दुसरीकडे बसून पुन्हा सुरुवात करतात, त्यांना चालतं. स्टॉकवाल्याला नाही चालत. कोण उठवला तरी चालेल आणि कोण नाही, याची यादी करायला दादा आणि पार्टनर चार तास भांडले.

आता बाबांकडे येते. बाबा या सगळ्यात गप्प होते. गप्प म्हणजे रागावून नाही. त्यांना वाटत होतं, आपल्याला यातलं काय कळणार. एकदा रविवारी मी अंबरनाथच्या घरी चाव्यांचं प्रकरण लिहीत बसले होते. झालं असं होतं की बिल बनवणाऱ्या डब्याला बिलांच्या पीडीएफ क्लाउडच्या साठ्यात ठेवाव्या लागतात. त्यासाठी क्लाउडची किल्ली लागते. मुलांनी एकच किल्ली बनवून सगळ्या डब्यांना वाटली होती. तारीख नाही, मुदत नाही, कुठलंही कुलूप उघडणारी. मी बाबांना सहज हे सांगितलं. ते चष्मा काढून म्हणाले, ‘फॅक्टरीत असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी चार्जशीट.’

आणि मग त्यांनी मला गेटपास समजावला. कुणाच्या नावाचा, कुठल्या खात्याचा, कुठल्या तारखेचा, काय आत-बाहेर न्यायची परवानगी, आणि सही कुणाची. गेटवरचा माणूस तुम्हाला ओळखत नसतो, तो सही ओळखतो. मी ऐकत राहिले, कारण दादाने दोनच दिवसांपूर्वी मला जी नवी पद्धत सांगितली होती ती हीच होती! क्लस्टर प्रत्येक डब्याला त्याच्या नावाचा, थोड्या वेळाचा पास देतो. डबा तो पास क्लाउडला दाखवतो. क्लाउड डब्याला ओळखत नाही, क्लस्टरची सही ओळखतं. सही पटली की तेवढ्याच कामापुरती तात्पुरती परवानगी, साधारण तासाभराची. किल्ली कुणाच्याच खिशात नाही, त्यामुळे हरवायची भीती नाही.

मी दादाला फोन लावला आणि बाबांच्या हातात दिला. चाळीस मिनिटं बोलत होते दोघं. आई दोनदा वाढून परत गेली. पुस्तिकेतलं ते प्रकरण खरं तर बाबांचंच आहे. ‘कायमचा पास कुणालाही नाही, मालकालाही नाही’ हे वाक्य त्यांचं, मी फक्त टाइप केलं.

कुबरनेटिसच्या घरातही मधे वाटण्या झाल्या, ते सांगायचं राहिलं. सुरुवातीला मोठ्या क्लाउड कंपन्यांशी बोलण्याचा कोड या मुकादमाच्या पोटातच होता. ॲमेझॉनचा, गूगलचा, मायक्रोसॉफ्टचा, आणखी काहींचा. एकत्र कुटुंबच म्हणा ना. एकाचं काही दुखलं की सगळ्यांना जागरण. मग ठरलं की प्रत्येकाने आपली चूल वेगळी मांडायची. क्लाउडशी बोलणारा मध्यस्थ ज्याचा त्याने बाहेर सांभाळायचा, घराच्या मधोमध फक्त सगळ्यांचं सामाईक तेवढं ठेवायचं. बोलायला सोपं! हे काम कित्येक वर्षं चाललं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या १.३१ या आवृत्तीने संपलं. सुमारे पंधरा लाख ओळींचा कोड मधल्या घरातून बाहेर गेला. त्यांच्याच लोकांनी याला कुबरनेटिसच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं स्थलांतर म्हटलं. ज्यांचा क्लस्टर क्लाउड कंपनीच सांभाळते त्यांना फारसं काही करावं लागलं नाही. दादाने मात्र पैसे वाचवायला क्लस्टर स्वतःच उभा केला होता. त्यामुळे जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जाताना बाहेरचा मध्यस्थ त्याला स्वतः बसवावा लागला.

आम्ही त्यासाठी शनिवारची रात्र निवडली. पोटमाळ्यावर पाच माणसं, दोन पंखे, कोकी आणि पापड अंकलच्या घरून. नवं मशीन सुरू झालं की त्याच्यावर आधी एक शिक्का असतो, ‘अनइनिशियलाइज्ड’. म्हणजे अजून ओळख पटलेली नाही. बाहेरचा मध्यस्थ क्लाउडला जाऊन विचारतो, हे मशीन खरंच तुमचं का, कुठल्या झोनमधलं, कुठल्या आकाराचं? उत्तर आलं की शिक्का पुसला जातो. तोवर त्या मशीनवर एकही साधा डबा चढत नाही. मध्यस्थ नीट बसला नसेल तर मशीन रात्रभर तसंच दारात उभं. आमचं पहिलं मशीन सहा मिनिटं उभं राहिलं. सहा मिनिटं ही किती असतात ते मला त्या रात्री कळलं. अंकल जिन्यात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, ‘किसका वेट है?’ पार्टनर म्हणाला, ‘पप्पा, कागज चेक हो रहे हैं.’ अंकलनी मान हलवली. बराकीत वाढलेल्या माणसाला कागद तपासले जाण्याची वाट बघणं वेगळं समजवायला लागत नाही. मग शिक्का गेला, डबे चढायला लागले, कुणीतरी शिट्टी मारली आणि कोकी संपली.

दिवाळीच्या महिन्याचं बिल एकोणचाळीस हजार सहाशे आलं. डिसेंबरचं त्याहून थोडं कमी. हिंजवडीचा विषय निघेनासा झाला. मिटला असं मी म्हणणार नाही. दादाचा बायोडेटा अपडेट झालेला मी त्याच्या लॅपटॉपवर पाहिलाय, आणि त्यात दोन सर्व्हर नक्कीच नाहीत. भाची झाली. रात्रपाळी आता बदलापुरातलाच एक मुलगा बघतो, पुस्तिका उघडी ठेवून. बाबांनी आठ लाखांचा आकडा एकदाच उच्चारला, भाचीच्या बारशाला, तोही अंकलशी बोलताना, आणि दोघं हसले.

कल्याण-शीळ रस्त्यावर पलावाला मोठं डेटा सेंटर पार्क होणार आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने लोढा कंपनीबरोबर तसा करार केला. म्हणजे ढग आता आमच्या गावापासून रिक्षाच्या अंतरावर येणार. दादाला त्याचं फार कौतुक नाही. तो म्हणतो, गोदाम जवळ आलं म्हणून भाडं कमी होत नाही.

आणि हो, ते अकरा बेवारस लोड बॅलन्सर. दहा पाडले. अकराव्यावर नाव नाही, तारीख नाही, कुठल्या डेमोचा ते कुणाला आठवत नाही. पण आठवड्यातून एक-दोनदा त्याच्यावर कुणीतरी येऊन जातं. दार ठोठावतं, आत काही नाही हे बघून परत जातं. नेटवर उगाच दारं वाजवत फिरणारे रोबो असतात, त्यातला असेल असं पार्टनर म्हणतो. दादाला वाटतं, एखादा जुना दुकानदार अजून तोच पत्ता वापरत असेल. महिन्याला सतराशे-अठराशे रुपये जातात त्याचे. पाडायचा का, हे दर सोमवारच्या मीटिंगमध्ये निघतं. अंकल म्हणालेत, सीझन संपू दे, मग बघू.